चरा

दर गुरुवारी आठ नंबरची ट्राम कोपऱ्यावर करकरली की
बोहुमीर हालाश्का दुकानात येतो.
आधी बूट झटकतो, मग टोपी, मग शंका.
साठची की शंभरची?
ओस्त्रावातल्या या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात
सव्वा महिना हा एकच प्रश्न.

खिशातून शाळकरी पट्टी काढतो.
मासा साडेचार सेंटिमीटर,
काचेपासून सहसा एक बोट आत,
खुर्चीपासून काच दोन वीत.
चौतीस वर्षं खाणीचा पाळणा वर-खाली केलेला माणूस,
अंतरं त्याला तोंडपाठ,
घंटा किती वाजली म्हणजे माणसं किती खोल, तेसुद्धा.

मी सांगते.
साठची घेतलीत तर काचेला नाक लावावं लागेल,
मासा बुजेल आणि फोटोत तुमचीच सावली.
शंभरची लांबून बघते, समंजस पाहुण्यासारखी,
पण ती तुमच्या पेन्शनच्या दीडपट.
नाहीतर ही नळी. आत काच नाही, काही नाही,
नुसती हवा.
आहे त्या लेन्सच्या मागे लावायची, जवळचं दिसतं.
"हवेचे पैसे घेता?"
घेते. थोडे.

मासा मूळचा मोझांबिकच्या डबक्यातला.
तिथे डबकं आटतं, मासे मरतात,
अंडी चिखलात दम धरून बसतात.
हालाश्काकडे ती कपाटावर, आइसक्रीमच्या डब्यात,
ओलसर मातीत, वर तारखेची चिठ्ठी.
अंग निळं, शेपूट तापल्या लोखंडाची.
आयुष्य आठ महिने, फार तर नऊ.
माझ्या "बघू पुढच्या आठवड्यात"ला
त्या माशाकडे फारशी जागा नाही.

आज त्याने वेगळंच काढलं.
काचेला आतून एक चरा आहे, म्हणाला.
ओटिलिए शेवाळ खरवडायची, अंगठी न काढता.
मी ओरडायचो.
ती म्हणायची, मासे तर तक्रार करत नाहीत.
आता प्रत्येक फोटोत माशावर तो पांढरा दोरा.

सोपं आहे, मी म्हटलं (दुकानदाराचा उत्साह),
छिद्र पूर्ण उघडा, फोकस डोळ्यावर,
काचेवरचं सगळं विरघळेल,
थेंब, डाग, चरा,
जसा कधी नव्हताच.

तो शंभरच्या लेन्सचं झाकण
लावत राहिला, काढत राहिला.
बाहेरून एक आठ नंबर गेली. मग दुसरी.

"आणि राहायला हवा असेल तर?"

राहायला हवा असेल तर छिद्र बारीक करायचं,
पार सोळापर्यंत. मग उजेड पुरत नाही,
मग फ्लॅश हवा, तोही कॅमेऱ्यावर नाही,
टाकीच्या झाकणावर आडवा, कागदातून गाळलेला.
खोलीतले दिवे बंद. अंगात काळा सदरा.
इतकं करून स्पष्ट दिसतं ते
तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीतलं.
चरा आणि मासा दोघं त्यात मावायचे
तर माशाने काचेला येऊन टेकायला हवं.
ते कुठलीच लेन्स करून देत नाही.

"टेकतो की," हालाश्का म्हणाला,
"रोज पाचला. ती पाचला खायला घालायची.
या माशाने तिला पाहिलेलं नाही,
याच्या आज्यानेही नाही.
वेळ तेवढी मी मोडली नाही."

त्याने नळी घेतली आणि एक वापरलेला फ्लॅश.
उलटसुलट करून बघितला,
पायाला चीर आहे म्हणाला, शंभर क्राउन कमी करा.
केले.
साठची आणि शंभरची मी परत कपाटात ठेवली.
चार वाजून बारा मिनिटं झाली होती,
आणि ट्रामला त्याच्या घरापर्यंत
बावीस लागतात.